पीएसपी-डीएसमधलं म्युझिक काढायला बसायच्या आधी

मागच्या रविवारी सकाळी मावसभाऊ मानेवाड्याहून आला, पिशवीत जुना पीएसपी, डीएस लाईट (दोन्ही हातात धरून खेळायची गेमची मशीनं, पहिलं सोनीचं, दुसरं निन्टेंडोचं) आणि दहा-बारा गेम, म्हणे दादा यातली सगळी गाणी एमपी३ करून दे, तासाभरात होते ना. झालं रात्री साडेनऊला. खरं कन्व्हर्ट करायचं काम वीसेक मिनिटांचं असेल, बाकी सगळा दिवस हे नाही ते नाही, हे आधी पाहिलं नाही, यातच गेला. आता त्याचे दोन मित्रही तेच घेऊन येऊन राहिले आहेत, म्हणून आधी काय काय करून ठेवायचं ते एकदाचं लिहून टाकतो.

सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला, आधी पीएसपीचं मागचं झाकण उघडा. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते आणि हे डबे पाच-सहा उन्हाळे पश्चिमेकडच्या खोलीतल्या कपाटात पडून असतात, त्यामुळे बॅटरी फुगलेली निघायची शक्यता भरपूर. ओळखायचं कसं तं बॅटरी टेबलावर सपाट ठेवायची आणि बोटाने हलकेच फिरवायची, भोवऱ्यासारखी गर्रकन फिरली म्हणजे पोट आलं आहे. मग ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तं अजिबातच नाही, ई-वेस्ट घेणाऱ्याला द्यायची. भावाची बॅटरी अशीच निघाली, झाकणच वर उचललेलं होतं. पीएसपी बॅटरी नसताना ॲडॉप्टरवरही चालते म्हणून आम्ही तसाच लावला, साडेअकराला लाईट गेली आणि निम्मी डिस्क कॉपी झालेली असताना पीएसपी बंद. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा कूलरपण बंद होता आणि आमचं डोकंपण. तेव्हा बॅटरी काढूनच चालवायचा असेल तं ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावा, नाही तं सकाळी सहाला बसा.

केबल मिनी यूएसबी लागते, मायक्रो नाही, आणि घरात सापडेल ती बहुतेक नुसती चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जातच नाही. आदल्या दिवशीच बर्डीवर चक्कर मारून घेऊन या, मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याला स्पष्ट सांगा की डेटावाली पाहिजे, आणि दुकानातच लावून पाहा, लाज वाटू देऊ नका. पीएसपीमध्ये कस्टम फर्मवेअर (कंपनीच्या जागी टाकलेलं बाहेरचं सॉफ्टवेअर) असेल तं सिलेक्ट दाबून जो मेनू येते त्यात यूएसबी डिव्हाइसच्या जागी यूएमडी डिस्क (यूएमडी म्हणजे पीएसपीच्या गेमची छोटी डिस्क) निवडायची, मग पीएसपी लॅपटॉपला जोडला की अख्खी डिस्क एक आयएसओ फाइल म्हणून दिसते, ती फक्त ओढून घ्यायची. यूएमडी जास्तीत जास्त १.८ जीबीची असते पण वाचल्या जाते फार हळू, तेवढ्यात पोहे होतात. कोणी आधीच सीएसओ, म्हणजे दाबून लहान केलेली आयएसओ, करून ठेवली असेल तं ती पहिले आयएसओ करून घ्या, मग आयएसओ सेव्हन-झिपने सरळ फोल्डरसारखी उघडते.

डीएसच्या कार्टसाठी, म्हणजे गेमच्या चिपसाठी, आपल्याकडे काही नव्हतं, ज्याच्याकडे मॉडिफाय केलेला थ्रीडीएस (डीएसच्या पुढचं मशीन) आणि त्यात गॉडमोड९ हे टूल आहे असा मित्र आधीच पकडून ठेवा, त्यात डीएसची कार्ट डम्प होते, म्हणजे तिची फाइल निघते. जीबीएच्या (गेमबॉय ॲडव्हान्स, डीएसच्या आधीचं मशीन) कार्टसाठी यूएसबीला लागणारे रीडर मिळतात, जसा जीबीएक्सकार्ट. कार्ट लागत नाही म्हणून फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जाते आत. कापसाच्या इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. डम्प झाला की त्याचा हॅश (फाइलवरून निघणारा ओळख-आकडा) काढून जुळवून पाहा, कार्टसाठी नो-इंट्रो आणि डिस्कसाठी रीडम्प यांच्या याद्या आहेत. हे कंटाळवाणं वाटते पण खराब डम्पमधून गाणं काढून मग "मधेच टक टक काहून येते" म्हणत बसण्यापेक्षा बरं.

आता खरी गोष्ट, आणि हेच न समजल्याने आमचे तीन तास गेले. गेममध्ये म्युझिक दोन प्रकारे असते. एक म्हणजे रेकॉर्डिंग, सरळ ऑडिओ फाइल. दुसरं म्हणजे नुसती नोटेशन, कोणता सूर कधी वाजवायचा त्याची यादी, आणि वाद्यांचे छोटे छोटे तुकडे वेगळे ठेवलेले, गेम चालू असताना मशीन ते जागेवर वाजवते. पीएसपीत डिस्क मोठी म्हणून बहुतेक पहिला प्रकार, फाइली एटी३ नावाच्या, सोनीचा ॲट्रॅक३प्लस कोडेक, म्हणजे आवाज लहान करून ठेवायची पद्धत. त्या व्हीजीएमस्ट्रीम किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने सरळ डब्ल्यूएव्ही (न कापलेली ऑडिओ फाइल) होतात, विषय संपला. डीएसमध्ये बहुतेक दुसरा प्रकार. कार्टच्या आत एसडॅट नावाची फाइल असते, तिच्यात एसएसईक्यू म्हणजे नोटेशन, एसबीएनके म्हणजे वाद्यांची यादी आणि एसडब्ल्यूएआर म्हणजे त्या वाद्यांचे आवाज. एखाददुसरी एसटीआरएम दिसली तं ती मात्र रेकॉर्डिंग.

आम्ही काय केलं, व्हीजीएमट्रान्स नावाच्या टूलमध्ये फाइल टाकली, नोटेशनची मिडी (नुसत्या सुरांची फाइल) काढली आणि लॅपटॉपवर डबल क्लिक केलं. गेममधल्या भावाच्या आवडत्या गावाच्या धूनमध्ये बासरी होती, तिथे पियानो टणटणला, ढोलाच्या जागी काहीतरी डबा वाजवल्यासारखं. तो म्हणे दादा हे आपलं नाहीच आहे. होतं तेच, पण मिडीसोबत त्या गेमचा साउंडफॉन्टही, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा संच, काढावा लागते, व्हीजीएमट्रान्स तो एसएफ२ करून देते, आणि मिडी वाजवताना तोच लावावा लागते. आम्ही विंडोजच्या स्वतःच्या वाद्यांवर वाजवत होतो. एवढ्या भानगडीत पडायचं नसेल तं टूएसएफ फाइल वापरा, त्यात गेमचा आवाजाचा भाग तसाच उचललेला असते आणि प्लेअर आतल्या आत डीएस असल्यासारखा वाजवते. जीबीएचं जीएसएफ आणि जुन्या गेमबॉयचं जीबीएस हेही त्याच जातीचे. तिन्ही फूबार२००० या प्लेअरमध्ये प्लगइन टाकून वाजतात आणि तिथूनच कन्व्हर्टही होतात. जीबीएबाबत माझं मत विचाराल तं जीएसएफच. त्या मशीनमध्ये ८ बिटचे दोन डिजिटल चॅनेल आणि जुन्या गेमबॉयचे चार, त्यामुळे मागे एक बारीक खरखर असते. साउंडफॉन्टवर वाजवलं की ती जाते आणि गाणं धुवून इस्त्री केल्यासारखं लागते, कोणाला आवडते, मला नाही.

तेव्हा आदल्या रात्री प्रत्येक गेमपुढे लिहून ठेवा, रेकॉर्डिंग की नोटेशन. त्यावरून कोणतं सॉफ्टवेअर लागते ते ठरते, आणि सगळी आधीच उतरवून ठेवा, ऐन वेळी नेट जाते.

लॅपटॉपवर फाइलचं एक्स्टेंशन दिसायची सेटिंग चालू करा, नाही तं कोणती फाइल कशाची हे कळतच नाही. फोल्डरचं नाव साधं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा, मधे स्पेस नको. मी हौसेने मराठीत "भावाची गाणी" दिलं होतं तं एक जुनं टूल तिथेच बसलं. जागा किती लागते याचा हिशोब सोपा आहे, सीडीच्या क्वालिटीची डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तीन-तीन मिनिटांची ६० गाणी झाली की पावणेदोन-दोन जीबी गेली. आयएसओची जागा वेगळी.

फॉरमॅट आधी ठरवा. एटी३ मुळातच आवाज कापून लहान केलेलं असते, त्याची एमपी३ केली की दुसऱ्यांदा कापलं, आणि पुढे त्या एमपी३ची आणखी काही केली तं तिसऱ्यांदा. म्हणून मूळ फाइली जपून ठेवायच्या, एक संच फ्लॅकमध्ये (यात आवाज कापल्या जात नाही) करायचा आणि मोबाईलसाठीची एमपी३ त्या फ्लॅकवरून. लूपचंही ठरवा. गेमचं गाणं संपत नाही, गोल फिरत राहते, व्हीजीएमस्ट्रीम आपणहून दोन फेऱ्या देते आणि शेवटी १० सेकंदांत आवाज उतरवत नेते. बसमध्ये ऐकायला ठीक, पण रिंगटोन करायची असेल तं एकच फेरी, बिना फेडची.

काहीच जमलं नाही तं हेडफोनच्या जॅकमधून रेकॉर्ड करायचं, तेव्हा केबलनेच, माईक समोर धरून नाही, नाही तं गाण्यात कूलर येते. (आमच्या एका ट्रॅकमध्ये कूलरही आहे आणि भंगारवालाही.) लॅपटॉपला लाइन-इन (बाहेरून आवाज घ्यायचा जॅक) नसेल तं यूएसबी साउंड कार्ड घ्या. जीबीए एसपीला हेडफोनचा जॅकच नाही, त्याचा वेगळा ॲडॉप्टर लागते, हे शनिवारीच आठवू द्या.

हे सगळं आपल्या स्वतःच्या गेमचं, आपल्या कानापुरतं. गाणी कंपनीची आहेत, काढून यूट्यूबवर चढवायची नाहीत, भावाला हे दोनदा सांगावं लागलं.

आणि एक वही. काही एसडॅटमध्ये गाण्यांची नावं आत असतात, काहींत काढून टाकलेली असतात, मग तुमच्यासमोर नुसते आकडे, ००१ पासून १४० पर्यंत, त्यातले अर्धे तं दार उघडल्याचे आणि पैसे मिळाल्याचे आवाज. ज्याने गेम खेळला आहे त्यालाच शेजारी बसवा, एकेक वाजवा, तो म्हणेल ही दुकानातली, ही नदीजवळची, ही मेल्यावरची, तसंच लिहीत जा. भाऊ ०३७ वर अडकला, म्हणे ऐकलेलं आहे पण कुठे ते आठवत नाही. ते नाव अजून रिकामंच आहे, डीएस तो घरी घेऊन गेला आहे, सापडलं की फोन करतो म्हणे.