निळा पोर्ट आणि चार जीबीचं कार्ड

हार्डवेअर दुरुस्तीत मला जेमतेम सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. कराडच्या एका फोटो स्टुडिओतला जुना डेस्कटॉप आमच्या दुकानात आला. लग्नसराई चालू, अल्बमची कामं खोळंबलेली. पंधरा-वीस फोटो उघडले की स्क्रीनभर रंगीत चौकटी उमटायच्या आणि मशीन हँग व्हायचं. मी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घेतला आणि दोन दिवस तोच काढत-घालत बसले. ते दोन दिवस स्टुडिओवाल्या काकांचे वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. या कामात नव्याने येणाऱ्यांचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी बघायचं ते हे, की बिघाड दिसायला लागतो कधी. मशीन चालू करताच, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रीनवरच ठिपके किंवा रेघा असतील तर विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं; ड्रायव्हरला हात लावू नका. मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. तोही फाटलेला दिसला तर दोष मॉनिटरचा. विंडोजमध्ये बिघाड दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या मशीनवर उघडा. चौकटी त्यातही आल्या असतील तर केबल आणि मॉनिटर बहुतेक सुटले, संशय ग्राफिक्स कार्डाकडे वळतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावून बघा. कार्ड बाहेर आलंच आहे तर सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसा, पंख्यातली धूळ काढा. यावरच भागलेली मशीन मी पुष्कळ पाहिली आहेत. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा उपाय मात्र कोणी सुचवला तरी करू नका. चाललं तरी ते थोडे दिवसच चालतं, आणि घरातला ओव्हन त्या धुराने खराब होतो.

काकांच्या मशीनची बायोस स्क्रीन स्वच्छ होती. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सची ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ मेमरी वेगळी दिसते. डेडिकेटेड म्हणजे कार्डावरची, शेअर्ड म्हणजे रॅममधून उसनी घेतलेली. गिऱ्हाईक बऱ्याचदा दोन्हींची बेरीज सांगतं. मी एकेक फोटो उघडत आकडा बघत राहिले. डेडिकेटेड मेमरी १ जीबीच्या आसपास गेली की चौकटी. तीनदा केलं, तीनदा तिथेच. कार्डाच्या खोक्यावर मात्र मॉडेलचं नाव जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी.

मग जीपीयू-झेड हा ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. नावापुढे ‘फेक’ असं आलं. २०१० सालच्या जीटीएस ४५० चिपवर कार्डाच्या स्वतःच्या बायोसच्या जागी दुसरं चढवून ती नव्या नावाने विकलेली होती. खरी मेमरी १ जीबीच. त्यापुढचा डेटा ठेवायला जागाच नव्हती.

आणि खूण पहिल्या दिवसापासून समोर होती. कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे जुन्या मॉनिटरची अ‍ॅनालॉग केबल लावायची जागा, होता. १०५० टीआयच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे त्या कार्डावर निळा पोर्ट दिसला की शंका घ्यायचीच. काकांचा मॉनिटर जुना, व्हीजीएवाला; केबल सरळ बसली म्हणून ते खूश होते. सेकंडहँड कार्ड घेताना मी आता आधी पोर्ट असलेली मागची पट्टी बघते, खोकं नंतर.

जीबीच्या आकड्याला एवढं भुलायचंही कारण नाही. १९२० गुणिले १०८० च्या स्क्रीनचं एक चित्र धरायला साधारण ८ एमबी पुरतात. जीटी ७३० हे कार्ड घेताना तर मेमरीचा प्रकार (डीडीआर३ की जास्त वेगवान जीडीडीआर५) विचाराच: ६४ बिटच्या डीडीआर३ कार्डाचा मेमरी वेग सेकंदाला सुमारे १४ जीबी, जीडीडीआर५ चा ४०. म्हणून १ जीबीचं जीडीडीआर५ कार्ड २ जीबीच्या डीडीआर३ ला सहज मागे टाकू शकतं. अजून एक: ३२ बिटच्या विंडोजवर ४ जीबी रॅम असूनही सव्वातीन दिसली, तर रॅम खराब आहे असं गिऱ्हाइकाला सांगू नका. ३२ बिटच्या विंडोजला मेमरीतल्या जागांचे पत्ते ४ जीबीपुरतेच वापरता येतात, आणि त्यांतलेच काही ग्राफिक्स कार्ड आणि इतर हार्डवेअर घेतात.

काकांना मी सगळं मोकळेपणाने सांगितलं, माझे दोन दिवस चुकीच्या दिशेने गेले तेसुद्धा. त्यांनी २ जीबीचं जीटी १०३० घेतलं, जीडीडीआर५ वालं, आणि जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. अल्बम त्याच आठवड्यात गेले. जुनं कार्ड त्यांनी दुकानातच ठेवायला दिलं. त्याच्या मागे मी मार्करने मोठ्या अक्षरात ‘४५०, १ जीबी’ लिहून ठेवलं आहे, म्हणजे ते पुन्हा कोणाला चार जीबीचं म्हणून विकलं जाणार नाही.