लिंबू-संत्र्याच्या सालीचं ड्रिंक बिघडतंय? या चुका टाळा

सालीचं ड्रिंक घरी करून बघणाऱ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार एकच, पहिल्याच घोटाला तोंड कडू होतं आणि मग अख्खं पातेलं सिंकमध्ये जातं. पण यात फळाचा दोष क्वचितच असतो. सालीत दोन थर असतात आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे, हे एकदा कळलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

वरचा रंगीत थर म्हणजे तेलाच्या बारीक पिशव्या. संत्र्याची साल उजेडात धरून दुमडून दाबा, बारीकसा फवारा उडताना दिसेल, तेच ते तेल, त्यात मुख्य असतं लिमोनीन आणि वास सगळा तिथूनच येतो. आतला पांढरा मऊ थर मात्र कडवट. तो वाईट अजिबात नाही, पेक्टिन नावाचं फायबर त्यातच भरपूर असतं, पण ड्रिंकमध्ये जास्त गेला की चव गेलीच समजा. म्हणून पीलर हलक्या हाताने चालवा आणि निघालेली पट्टी उलटी करून बघा, आतून जाड पांढरं दिसलं तर सुरीने खरवडून टाका. एवढं एक काम केलं तरी फरक लगेच कळतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे पंधरा-वीस मिनिटं खळाखळा उकळणं. जास्त उकळलं की जास्त गुण उतरतात असं वाटतं खरं, पण होतं उलटंच, सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं, व्हिटॅमिन सी कमी होतं आणि उरलेला कडूपणा सगळा पाण्यात उतरतो. त्यापेक्षा पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पट्ट्या टाका, झाकण ठेवा आणि पाच-सात मिनिटांनी गाळून घ्या. झाकण विसरू नका हं, नाहीतर वास किचनभर पसरतो आणि कपात काहीच उरत नाही.

आता बऱ्याच जणांना कोड्यात टाकणारी गोष्ट: सकाळी केलं तेव्हा मस्त लागत होतं, संध्याकाळी कडूजहर! अख्खं फळ साली-बियांसकट मिक्सरला लावलं की असं होतं. फळात एक कडू नसलेला घटक असतो, तो कापल्या-वाटल्यावर आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं (वर सांगितलेलं लिमोनीन तेल वेगळं, हे वेगळं), आणि हे लिमोनिन चांगलंच कडू असतं. उपाय सोपा आहे, बिया आधी काढा आणि केलेलं ताजंच प्या. कडू झालंच असेल तर साखर ओतत बसू नका, पाणी वाढवा आणि चिमूटभर मीठ टाकून बघा, मिठाने कडवटपणा दबतो.

साल धुण्यात तर खूप जण कंटाळा करतात. चकचकीत फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो आणि बुरशी लागू नये म्हणून इमॅझलिल, थायाबेंडाझोल अशी औषधंही वापरलेली असू शकतात. नुसतं नळाखाली धरून मेण निघत नाही. कोमट पाणी, थोडा खायचा सोडा आणि ब्रशने घासणं, हे करायचंच, पण सालीत आत मुरलेलं औषध यानेही पूर्ण जात नाही, म्हणून साल वापरायची असेल तर मेण न लावलेली, फवारणी नसलेली फळं मिळतायत का ते बघा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, आंबटाची त्यांच्याशी रिॲक्शन होते. थर्माकोलच्या कपात तर ओतूच नका, लिमोनीनमध्ये थर्माकोल विरघळतो.

साली वाळवून ठेवत असाल तर बारीक पट्ट्या करा, आणि वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत वाळवा. नुसती लवचिक राहिली तर आत ओल आहे आणि बरणीत बुरशी येणारच. हिरवट-पांढरे डाग दिसले तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही, सगळी बरणी टाका. तयार ड्रिंक फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, बस. बंद बाटली उघडताना फस्स आवाज आला, बुडबुडे दिसले की ते आंबायला लागलंय, पिऊ नका. आणि गूळ-पाण्यात साली महिनोन्‌महिने मुरवून जे बायोएन्झाइम करतात ते साफसफाईसाठी असतं, प्यायचं नाही!

फायद्यांबद्दलही थोडं खरं बोलू. 100 ग्रॅम कच्च्या संत्र्याच्या सालीत सुमारे 136 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, गरापेक्षा दुपटीहून जास्त, पण कपात आपण टाकतो चमचाभर, म्हणजे 6 ग्रॅमच्या आसपास, त्यातून मिळणार फार तर 8 मिलिग्रॅम, तेही सगळं पाण्यात उतरलं तर. त्यामुळे चरबी वितळते, शरीर डिटॉक्स होतं असल्या गोष्टींवर जाऊ नका, वासासाठी, चवीसाठी प्या आणि फळही खा.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्र्यातली काही द्रव्यं आतड्यातलं औषधं पचवणारं एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हे 1989 मध्ये फेलोडिपिन या बीपीच्या गोळीच्या अभ्यासात योगायोगाने लक्षात आलं, आणि सिम्वास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनाही ते लागू आहे. ही द्रव्यं सालीतही असतात. परिणाम दिवसभर टिकू शकतो, त्यामुळे गोळी सकाळी आणि ड्रिंक रात्री असं करून चालत नाही, औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच ही फळं वापरा.

हिरव्या लिंबांच्या साली काढल्यावर हात साबणाने धुवा आणि मगच उन्हात जा, सालीचं तेल लागलेल्या जागी ऊन पडलं तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. ड्रिंकमध्ये रस पिळत असाल तर प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रश मात्र अर्ध्या तासाने.