बाग उतरणीला लागली की आधी काय आणि मग काय

सकाळी पानांवर दव दिसायला लागतं, ऊन तिरपं होतं, टोमॅटोची खालची पानं पिवळी पडलेली, भोपळ्याच्या पानांवर कोणीतरी पीठ भुरभुरवल्यासारखं, आणि घेवड्याच्या शेंगा वाळून तपकिरी. शरदाच्या सुरुवातीला अशी बाग बघितली की हात शिवशिवतात, वाटतं की सगळं उपटून टाकावं आणि एकदाचं मोकळं व्हावं. मी एका वर्षी तेच केलं. रविवारी सकाळी लागलो, संध्याकाळपर्यंत वाफे चकाचक, आणि रात्री जेवताना आठवलं की बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा पण त्याच ढिगात गेल्या, शिवाय त्या वर्षीचं सगळ्यात गोड टोमॅटो देणारं झाडही. तेव्हापासून एक ठरवलंय, या दिवसांत उपटणं हे शेवटचं काम. त्याच्या आधी तीन कामं असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम पेरणी. हो, बाग संपत आलीये असं वाटत असतानाच, कारण पेरणीला उशीर झाला तर भरून काढता येत नाही, बाकीची कामं आठवडाभर थांबू शकतात. थंडीपेक्षा मोठी अडचण उजेडाची आहे. उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरला आणि दक्षिणेत २० किंवा २१ मार्चला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि नेमक्या याच सुमाराला दिवस सगळ्यात वेगाने लहान होत असतो. विषुववृत्ताजवळ हे फारसं जाणवत नाही पण ५० अंश अक्षांशाच्या आसपास दिवस रोज जवळपास ४ मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याला अर्धा तास गेला. आणि दिवसाचा उजेड साधारण १० तासांच्या खाली गेला की बहुतेक पालेभाज्या जिवंत राहतात पण वाढायचं जवळजवळ थांबवतात. म्हणून पाकिटावर ४५ दिवस लिहिलं असेल तर त्यात आणखी दोन आठवडे धरूनच पेरा, आता पेरलेली भाजी उन्हाळ्याच्या वेगाने येत नाही.

काय पेरायचं तर मुळा, तो महिनाभरात हाताला लागतो, मग पालक, कोथिंबीर, लेट्यूस, मोहरीची पानं. कोथिंबीर तर मला याच दिवसांत आवडते, उन्हाळ्यात चार पानं आली की लगेच तुरा काढते तसं आता करत नाही. पालकाची एक खोड आहे, माती तापलेली असेल तर बी रुसून बसतं, उगवतच नाही. दिवसा अजून गरम होत असेल तर संध्याकाळी पेरा, भरपूर पाणी द्या आणि वर ओलं पोतं टाकून ठेवा, रोज उचलून बघा आणि पहिला अंकुर दिसला की पोतं लगेच काढा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात. टोमॅटो अजून उभा असेल तरी त्याच्या पायाशी मोकळ्या जागेत पालक टाकता येतो, टोमॅटो निघेपर्यंत पालकाला सावली मिळते.

दुसरं काम बी धरणं. हे लोक टाळतात आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण यात कष्ट फार नाहीत, घाई मात्र नको. सुरुवात घेवडा किंवा वाटाणा यांच्यापासून करा. शेंग झाडावरच पूर्ण वाळू द्यायची, हलवली की आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. मग दाणा नखाने दाबून बघायचा, खूण उमटली तर अजून ओल आहे. मी एकदा हे न बघता बरणीत भरले, झाकण घट्ट लावलं, आणि दोन महिन्यांनी उघडलं तर आत राखाडी लोकर. आता सोललेले दाणे आठवडाभर ताटात पसरून ठेवतो आणि मगच भरतो.

टोमॅटोचं बी जरा चिकट प्रकरण आहे, शब्दशः. प्रत्येक बीभोवती जेलीसारखं आवरण असतं आणि ते बीला ओल्या फळातच उगवण्यापासून रोखतं, ते घालवायचं तर आंबवावं लागतं. चांगलं पिकलेलं, अगदी मऊ झालेलं फळ घ्या, गर आणि बिया काचेच्या ग्लासात काढा, थोडं पाणी घाला, वर कापड बांधा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरते आणि वास असा येतो की घरातले लोक विचारतात काय मेलंय, तो ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका एवढंच सांगतो. साय धरली की पाणी भरून ढवळायचं, चांगल्या बिया तळाशी बसतात, पोकळ बिया आणि गर वर तरंगतो तो ओतून टाकायचा. असं तीन चार वेळा केलं की तळाशी स्वच्छ, जराशी लव असलेल्या बिया राहतात. त्या ताटलीत पसरून वाळवा, कागदावर नको, कागदाला अशा चिकटतात की सोडवताना अर्ध्या तुटतात. आणि तीन दिवसांपेक्षा जास्त आंबवू नका, ग्लासातच मोड यायला लागतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. रोप हायब्रीड होतं, म्हणजे पाकिटावर एफ १ लिहिलं होतं, तर त्याच्या बीपासून तसंच फळ येईल याची खात्री नाही. आणि भोपळा, काकडी, दुधी यांचं परागीकरण मधमाश्या करतात, त्या कुठून कुठून फिरून येतात, त्यामुळे शेजारी त्याच जातकुळीतला दुसरा भोपळा असेल तर बी संकराचं निघतं. शोभेच्या भोपळ्याशी संकर झाला तर पुढच्या वर्षीचं फळ कडूजहर होऊ शकतं, आणि तो कडवटपणा खरोखर विषारी असतो, शिजवूनही जात नाही, तेव्हा घरच्या बीचं फळ आधी कणभर जिभेला लावून बघा, कडू लागलं की थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. टोमॅटो आणि घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात म्हणून नवशिक्यासाठी ते दोन बरे.

तिसरं काम, उरलेली फळं. टोमॅटोच्या फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा आता आलेल्या फुलांचा मोह धरू नका, शेंडा खुडून टाका म्हणजे झाडाची ताकद लागलेल्या फळांकडे जाईल. थंडीचा पहिला कडाका येणार असं दिसलं की हिरवी फळं काढून घरात आणा. त्यांना पिकायला ऊन लागत नाही, खिडकीत ओळीने मांडायची काही गरज नाही, ऊब लागते, २० अंशांच्या आसपास. खोक्यात एकेरी थरात ठेवा आणि सोबत एक पिकलं केळं टाका, त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने पिकणं लवकर सुरू होतं. फ्रिजमध्ये ठेवलीत तर पिकायचीच थांबतात. पण एक फळ आधी कापून बघा, आत बियांभोवती जेली धरली असेल तरच त्या आकाराची बाकीची पिकतील, आत घट्ट पांढरट असेल तर नाही पिकणार, त्यांचं लोणचं घाला.

लाल भोपळा काढायचा तर सालीत नख रुतता कामा नये, आणि देठ दोन तीन इंच ठेवूनच कापायचा. देठ धरून उचलू नका, तुटला तर तिथूनच सडतो. आठ दहा दिवस कोरड्या, उबदार, हवेशीर जागी ठेवलात की साल कडक होते आणि मग महिनोनमहिने टिकतो.

आता चौथं, म्हणजे काय उपटायचं आणि काय नाही. रोगट झाडं आधी बाहेर. टोमॅटोवर करपा आला असेल, पानांवर काळपट पाणीदार डाग आणि फळावर तपकिरी चट्टे, तर ते झाड घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, आपला छोटा ढीग रोगाचे जंतू मरतील इतका तापत नाही. तेच बटाट्याचं, जमिनीत राहिलेला एखादा रोगट बटाटा करप्याला पुढच्या हंगामापर्यंत जपून ठेवतो, म्हणून हात घालून शोधा. भुरीचं, म्हणजे पानांवरच्या त्या पिठासारख्या बुरशीचं, तसं नाही, भोपळ्याची पानं म्हातारी झाल्यावर ती येतेच, फळं तयार असतील तर औषध मारत बसण्यात अर्थ नाही.

घेवडा, वाटाणा, चवळी ही मात्र उपटायची नाहीत, जमिनीलगत कापायची. एखादं झाड उकरून मुळं बघा, बारीक गाठी दिसतील, एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर तिथले जिवाणू हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पकडण्याचं काम करत होते. लोक म्हणतात या गाठींनी माती खतासारखी भरते, तेवढं काही होत नाही, बराचसा नत्र दाण्यात गेलेला असतो. पण मुळं जागच्या जागी कुजली की मातीत पोकळ्या राहतात, त्यातून पाणी आणि गांडुळं दोन्ही जातात, आणि खणायचे कष्ट वाचतात ते वेगळेच. पोकळ दांड्यांची निरोगी झाडं मी कोपऱ्यात तशीच उभी ठेवतो, त्यात छोट्या एकांड्या मधमाश्या थंडी काढतात.

पाचोळा जाळू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुठूनतरी धूर येतोच. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात दुप्पट तिप्पट पाचोळा मिसळला तर कंपोस्टला वास येत नाही, आणि जास्तीचा असेल तर नुसता पाचोळा पोत्यात भरा, भिजवा, चार भोकं पाडा आणि विसरून जा. नुसती पानं मुख्यतः बुरशी कुजवते आणि ती निवांत काम करते, वर्ष दोन वर्षं लागतात, पण मग जे भुसभुशीत काळं निघतं ते कुंड्यांसाठी फार छान. फळझाडांना आणि गुलाबाला आता नत्राचं खत देऊ नका, कोवळी फूट येते आणि पहिल्या थंडीत करपून जाते, मोठी छाटणीही आता नको.

मोकळ्या झालेल्या वाफ्यात शेवटी लसूण. तो एक इतका बिनतक्रार आहे की मी दरवर्षी थोडा जास्तच लावतो. गड्ड्यातल्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या घ्या, साल काढू नका, टोक वर ठेवून ५ सेंटीमीटर खोल आणि १५ सेंटीमीटर अंतरावर लावा. आतल्या बारक्या पाकळ्या फोडणीला. लसणाला काही आठवडे थंडी मिळावी लागते, नाहीतर गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत, कांद्यासारखा एकच गोळा होतो, म्हणून जमीन गोठण्याआधीच लावायचा. वर हाताच्या चार बोटांएवढा पाचोळा पसरा. गोठणं वितळणं चालू झालं की एखादी पाकळी वर ढकलली जाते, दिसली की बोटाने परत आत दाबायची. आणि ओळीच्या टोकाला पाटी लावताना नाव पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हापावसात उडते आणि मग वसंतात लसूण कुठला आणि तण कुठलं ते वास घेऊन ओळखावं लागतं.