सायनससाठी स्टेरॉइड घेताना या चुका टाळा

‘मॅडम, तीन वेगवेगळे स्प्रे झाले, एकाचाही गुण आला नाही.’ ओपीडीत नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल हे मी इतक्यांदा ऐकलंय की माझं उत्तर ठरून गेलंय: बाटली काढा आणि माझ्यासमोर मारून दाखवा. औषध बदलायचा विचार त्यानंतर.

मागे एक शिक्षिका आल्या होत्या. सहा वर्षं नाक चोंदलेलं, वास जवळजवळ गेलेला, दोन्ही बाजूंना लहान पॉलिप (नाकाच्या आतल्या अस्तराला सुजून येणारे मऊ कोंब). त्यांनी मान मागे टाकली, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी सरळ खुपसली, दाबली आणि जोरात श्वास ओढला. औषध घशात उतरलं, तोंड कडू झालं आणि त्यांनी ते गिळून टाकलं. सूज जिथे होती तिथे त्यातलं फारसं काही पोचलंच नाही. उलट रोज फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसत होता, त्यामुळे तिथे खपल्या धरल्या होत्या. ‘सारखा घोळाणा फुटतो, म्हणून मधेमधे बंद ठेवते,’ असंही म्हणाल्या. म्हणजे औषध नको तिथे लागत होतं आणि हवं तिथे लागत नव्हतं.

त्यांना मी नवीन काहीच लिहून दिलं नाही, फक्त हात बदलायला लावले. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. असं धरलं की नळीचं टोक आपोआप पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मान किंचित खाली. श्वास अगदी हलका, जाईच्या फुलाचा घेतो तसा. घशात चव आली तर समजा, जोरात ओढलंत. स्प्रेच्या आधी सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, नाक धुवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग मारायचा. शेंबडाच्या थरावर औषध मारून काय उपयोग? खपल्या भरेपर्यंत काही दिवस स्प्रे बंद ठेवला, मग सुरू केला. दोन महिन्यांनी त्या आल्या त्या सकाळच्या चहाचा वास येऊ लागल्याचं सांगत. औषध तेच होतं.

‘चार दिवस मारला, फरक नाही, सोडला’ असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, सरळ कॅलेंडर दाखवते. लक्षणं १२ आठवडे किंवा जास्त टिकली तरच आपण त्याला जुनाट सायनसायटिस (सायनसची सूज) म्हणतो. इतकी मुरलेली सूज चार दिवसांत कशी उतरेल? स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणारी प्रथिनं तयार होणंच कमी करतं. त्याला वेळ लागतो. रोज न चुकता ८ ते १२ आठवडे मारल्याशिवाय मी कुठलाही स्प्रे नापास करत नाही. पाच मिनिटांत नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते फक्त रक्तवाहिन्या आकसवतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे घेतले की नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो.

आणि ती भीती! ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकला की लोक स्प्रे कपाटात ठेवून देतात. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या स्प्रेमधलं दोन टक्क्यांहून कमी औषध रक्तात पोचतं. गिळलं गेलेलं बहुतेक यकृतातच निकामी होतं. मला वाईट याचं वाटतं, की स्प्रेला घाबरणारी हीच माणसं स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र बिनधास्त गिळतात. जिथे खरंच घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत.

माझ्या एका पेशंटला मोठ्या पॉलिपसाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला होता. तिसऱ्या दिवशी वास परत आला. पंधरा वर्षांनी! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी वास पुन्हा गेला, कारण स्प्रे त्याने ‘आता बरं आहे’ म्हणून सोडला होता. मग त्याने तीच जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या. पुन्हा वास, पुन्हा गेला, पुन्हा गोळ्या. दीड वर्षात सात कोर्स झाले, मला पत्ताच नाही. तो परत आला तो लंगडत. जांघेत दुखत होतं. एमआरआयमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घेतल्या की असं होऊ शकतं. वय अवघं एकेचाळीस.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर गोळ्यांपुढे ‘पुन्हा देऊ नये’ असं ठळक लिहिते. वर्षाला एक, फार तर दोन छोटे कोर्स, तेही स्प्रे चालू ठेवून. गोळी सकाळी, खाल्ल्यावर. रात्री घेतली तर झोप उडते. मधुमेह, रक्तदाब, काचबिंदू, अल्सर असेल तर आधी सांगा, गोळी घेतल्यावर नव्हे. तीन आठवड्यांहून जास्त चालल्या असतील तर अचानक बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं थांबवून बसलेलं असतं, म्हणून डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. बाटली हलवत नाहीत. नव्या बाटलीचे पहिले काही फवारे हवेत सोडत नाहीत. नाक धुवायला नळाचं पाणी वापरतात; ते उकळून गार केलेलंच हवं, नाहीतर डिस्टिल्ड. दम्याच्या पंपातही स्टेरॉइड असतं, ते मोजत नाहीत. एचआयव्हीसाठी रिटोनाविर चालू असेल तर फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड रक्तात साठतं. हे डॉक्टरांना न सांगता स्प्रे सुरू करू नका.

नाक एकाच बाजूने चोंदत असेल, त्याच बाजूने रक्त येत असेल, तर स्प्रे मारत बसू नका, तपासून घ्या. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा साखर वाढलेली असताना चेहरा बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.