चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड: उन्हाळ्यात घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकला की घरात राहण्याजोगी एकच खोली उरते, कूलरची. मुलांचा अभ्यास, ऑफिसचं काम, टीव्ही, मोबाइल सगळं तिथेच येतं आणि सगळ्यांच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात जातात. धुळे तालुक्यात मी अनेक वर्षं वायरिंगची कामं करतो. जळालेला बोर्ड उघडला की वायर मधोमध जळालेली क्वचितच दिसते. जळतो तो जोड: पिन सॉकेटात बसते ती पत्ती, स्क्रूखाली दाबलेली तार, नाहीतर टेप गुंडाळलेला जॉइंट.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणं

ही सगळ्यात मोठी चूक. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, फक्त करंट किती जातोय ते बघतो. जोड ढिला असला तरी करंट नेहमीएवढाच जातो, म्हणून एमसीबी पडत नाही. पण तोच करंट टीचभर जागेतून जायला लागतो आणि तिथे उष्णता साठते. तापून पत्तीचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, मग ती आणखी तापते. घरमालकाला हे कळतं तेव्हा प्लास्टिक पिवळं पडून काळं व्हायला लागलेलं असतं.

गेल्या हंगामात माझ्या काकूंकडे हेच झालं. भाव येईल म्हणून कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला होता आणि त्याच्यामागे बोर्ड दबला होता. त्यावर पोराचा लॅपटॉप आणि कूलर. काकू म्हणाल्या, "भाऊ, काहीतरी जयी ऱ्हायनं रे" (काहीतरी जळतंय रे). वास मासळीसारखा होता. प्लास्टिक करपताना पुष्कळदा असाच येतो. मेन स्विच पाडून कापूस उपसला तर कूलरची पिन बोर्डात चिकटून बसलेली. एमसीबी चालूच होता. तासभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मला आजही सांगवत नाही.

कापूस, कडबा, गोणपाट, गादी यांच्याजवळ बोर्ड ठेवूच नका. भिंतीवर, डोळ्यांसमोर, हात पोचेल असा लावा. आठवड्यातून एकदा उपकरणं चालू असताना पिनेचं प्लास्टिक बाहेरून कोरड्या हाताने चाचपा. कोमट लागलं तर चालेल. हात ठेववत नसेल तर मेन बंद करा आणि पिन व सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनी खराब पत्ती नव्या पिनेला बिघडवते.

कोणत्या बोर्डावर किती?

साधा बोर्ड 6 अँपियरचा असतो. 230 व्होल्टवर त्याची मर्यादा सुमारे 1380 वॅट. 65 वॅटचा लॅपटॉप चार्जर एक अँपियरही घेत नाही, घरगुती कूलर साधारण 200 वॅटचा. एवढं बोर्ड सहज पेलतो. पाणी तापवायचा रॉड 1500 आणि इंडक्शन शेगडी 2000 वॅटपर्यंत जाते. यांना भिंतीतला 16 अँपियरचा सॉकेटच हवा. बोर्डाला बोर्ड जोडू नका, प्रत्येक जोडणीत एक ढिली जागा वाढते. वायरचं भेंडोळं करून मोठा लोड टाकलात तर आतली उष्णता बाहेर पडत नाही.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हे होतं तेव्हा बहुधा चार्जर बिघडलेला नसतो, अर्थिंग मिळत नसतं. चार्जरमधला फिल्टर अगदी थोडा करंट बॉडीकडे सोडतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटांना जाणवतो. तिसरी जाड पिन कापणं किंवा दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून चार्जर लावणं म्हणजे ती वाट आपल्या हाताने बंद करणं. त्याच बोर्डावर पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर असेल तर ही हयगय जिवावर बेतते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घाला, वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थ तपासून घ्या आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. ते एमसीबीचं काम नव्हे.

केबल हलवली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद

तार आत तुटली आहे. ती बहुतेक वेळा चार्जरच्या डब्याला लागून तुटते, कारण आपण केबल त्याच्याभोवती करकचून गुंडाळतो. पहिला वेढा सैल ठेवून मग गुंडाळा. टेप मारून वापरत राहू नका: आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि तार उघडी पडते. भिंतीकडची केबल बऱ्याच चार्जरमध्ये सुटी निघते, ती नवी घ्या, स्वस्तात काम होतं. लॅपटॉपकडची तुटली असेल, तर चार्जर बदलणं बरं. नव्यावर व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपियर तेवढेच किंवा जास्त चालतील. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा क्रमांक बघून घ्या.

चार्जर गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉप कंपन्या वापरासाठी 35 अंशांपर्यंतचंच तापमान सांगतात, आपली खोली त्याच्या पुढे गेलेली असते. फरशी उत्तम. धान्याच्या कोठ्यांमागून वायर नेऊ नका, उंदीर कुरतडतात. वळवाचं वादळ दिसलं की पिन काढा. स्पाइक गार्ड वीज पडल्यावर वाचवेल, या भरवशावर राहू नका.

पेटलं किंवा कुणाला शॉक बसला तर

आधी मेन स्विच पाडा. मेन हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने माणसाला वायरपासून बाजूला करा, अंगाला हात लावू नका. चालू विजेच्या आगीवर पाणी नको, कोरडी वाळू किंवा माती टाका. मग 112 ला फोन करा. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ जाऊ नका, 1912 वर कळवा.