इटालियनमधील नवरा-बायको आणि लग्न: कोणता शब्द कुठे वापरावा

लग्नानंतर जोडीदारासोबत राहण्यासाठी पुण्याहून इटलीला जाणाऱ्यांनी नात्यांच्या शब्दांची नुसती यादी पाठ करू नये. शब्द घरात बोलायचा आहे की सरकारी अर्जावर लिहायचा आहे, हे पाहून तो शिकावा.

रोजच्या बोलण्यात नवऱ्याला ‘मारीतो’ आणि बायकोला ‘मोल्ये’ म्हणतात. ‘स्पोझो’ आणि ‘स्पोझा’ हे मुख्यतः लग्नाच्या दिवसाचे, म्हणजे वर आणि वधू या अर्थाचे शब्द आहेत. ‘माझा’, ‘माझी’ या शब्दांआधी इटालियनमध्ये एरवी उपपद लागते, पण एकवचनी नात्यापुढे ते गळते. म्हणून ‘मीओ मारीतो’, ‘मीआ मोल्ये’ एवढेच म्हणावे. आपले लग्न पुण्यात झाले हे सांगताना स्त्रीने ‘मी सोनो स्पोझाता आ पुने’ आणि पुरुषाने ‘स्पोझातो’ म्हणावे; ‘गेले-गेलो’ची सवय असलेल्या मराठी माणसाला हा फरक जड जात नाही.

सासरी मात्र थोडे सांभाळावे लागते. सासू ‘स्वोचेरा’, सासरा ‘स्वोचेरो’, जावई ‘जेनेरो’; पण सुनेला ‘न्वोरा’ म्हणतात आणि मराठी कानाला तो ‘नवरा’ वाटतो, म्हणून हा शब्द मुद्दाम घोकावा. दीर आणि मेहुणा दोघेही ‘कोन्यातो’, तर नणंद, मेहुणी आणि भावजय या तिघीही ‘कोन्याता’. नेमकी नणंदच सांगायची असेल, तर ‘ला सोरेल्ला दी मीओ मारीतो’, म्हणजे नवऱ्याची बहीण, असे फोडून सांगावे.

अर्जावरची भाषा वेगळी असते. ‘स्तातो चिवीले’, म्हणजे वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित पुरुषाने ‘कोन्युगातो’ आणि स्त्रीने ‘कोन्युगाता’ लिहावे. अविवाहित पुरुष ‘चेलिबे’, तर स्त्री ‘नूबिले’. ‘कोन्युजे’ म्हणजे जोडीदार, मग तो नवरा असो वा बायको.

सर्वाधिक काळजी आडनावाच्या, म्हणजे ‘कोन्योमे’च्या रकान्यात घ्यावी. 1975 च्या कुटुंब कायद्यातील सुधारणेनंतर इटलीत पत्नी स्वतःचे आडनाव राखून पतीचे जोडते, आणि कागदपत्रांवर तिचे मूळ आडनावच चालते. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीने या प्रथेकडे न पाहता पासपोर्टवर आहे तेच आडनाव लिहावे, कारण ‘कोदिचे फिस्काले’ हा कर क्रमांक नाव-आडनावाच्या अक्षरांवरून तयार होतो. पासपोर्टवर पतीचे किंवा वडिलांचे नाव आपल्या नावाला जोडून असेल, तर ‘नोमे’च्या, म्हणजे नावाच्या रकान्यातही ते त्याच क्रमाने लिहावे.