काळ्या स्केचपेनातले रंग वेगळे कसे करायचे?

काळ्या स्केचपेनाची शाई बहुतेक वेळा एका रंगाची नसतेच. निळा, गुलाबी, पिवळा असे दोन-तीन रंग योग्य प्रमाणात मिसळले की आपल्याला काळं दिसतं. हे मिश्रण मुलांना घरच्या घरी पुन्हा सुटं करता येतं. ग्लासभर पाणीही लागत नाही, तळाशी थोडंसं पुरतं. सगळा खेळ अर्ध्या तासात उरकतो.

साहित्य अगदी थोडं: पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे स्केचपेन (काळा, तपकिरी, हिरवा, जांभळा), उभा काचेचा ग्लास, पेन्सिल, पट्टी, कात्री, चिकटपट्टी आणि कागद. यातला कागद महत्त्वाचा. वहीचा कागद उपयोगाचा नाही, कारण शाई पसरू नये म्हणूनच तो तसा बनवलेला असतो. किचन टिश्यूत पाणी भसकन चढतं आणि रंगांची नुसती रेघोटी होते. टीपकागद किंवा कॉफीचा फिल्टर पेपर सर्वांत चांगला.

कृती

१. कागदाची साधारण ३ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. लांबी ग्लासाच्या उंचीएवढी ठेवा.

२. खालच्या टोकापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने आडवी रेघ मारा. इथे पेनने रेघ मारली तर तिचीही शाई वर चढू लागेल. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रेघ जागची हलत नाही.

३. रेघेच्या मधोमध काळ्या स्केचपेनाने छोटा ठिपका द्या. तो वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा ठिपका द्या. असं तीन-चार वेळा करा. मुलांना मोठा, ठळक गोळा काढायचा मोह होतो, पण ठिपका जितका लहान आणि गडद, तितके रंग स्वच्छ वेगळे होतात.

४. ग्लासात जेमतेम १ सेंटिमीटर पाणी घाला.

५. पट्टीचं वरचं टोक पेन्सिलीला चिकटवा आणि पेन्सिल ग्लासाच्या तोंडावर आडवी ठेवा. पट्टी ग्लासात उभी लोंबली पाहिजे, कडेला चिकटता कामा नये. तिचं खालचं टोक पाण्यात बुडेल, पण ठिपका पाण्याच्या वरच राहील हे नीट बघा. ठिपका बुडाला की शाई थेट ग्लासात उतरते आणि प्रयोग तिथेच संपतो. फसलेल्या बहुतेक प्रयोगांचं कारण एवढंच असतं.

आता हात लावायचा नाही. पाणी रेघ ओलांडून ठिपक्यापाशी पोचण्याआधी मुलांना विचारा, यातून कोणते रंग निघतील? उत्तर कागदावर लिहून ठेवायला सांगा. पाणी ठिपक्याला भिडलं की काळ्याची वरची कड आधी फिकट होते, मग तिच्यातून निळसर किंवा गुलाबी झाक पुढे सरकते आणि मागे वेगळाच रंग रेंगाळतो. कोणता रंग पुढे आणि कोणता मागे, हे पेनागणिक बदलतं.

६. पाणी वरच्या टोकापासून साधारण २ सेंटिमीटरवर आलं की पट्टी बाहेर काढा. पाणी जिथवर चढलं तिथे लगेच पेन्सिलीची खूण करा, वाळल्यावर ती कड दिसत नाही. मग पट्टी सपाट जागी वाळवा.

हे होतं कसं?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर ओढलं जातं, याला केशाकर्षण म्हणतात. पाण्याबरोबर रंगही निघतात, पण सगळे सारखे पळत नाहीत. बाजारातून जाताना एखादं मूल प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतं आणि दुसरं आईचा हात धरून सरळ चालत राहतं, तसंच हे आहे. ज्या रंगाला कागद जास्त धरून ठेवतो तो मागे पडतो, ज्याला पाण्याची ओढ जास्त तो पुढे जातो.

या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांमधले रंग असेच वेगळे केले. त्याने कागदाऐवजी खडूच्या भुकटीने भरलेली काचेची नळी वापरली होती. पुढे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना क्रोमॅटोग्राफीच्याच एका प्रकारासाठी १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

थोडं मोजमाप, थोडी हेरगिरी

भागाकार येणाऱ्या मुलांनी पट्टी वाळल्यावर मोजमाप जरूर करावं. पेन्सिलीच्या रेघेपासून रंगाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला रेघेपासून पाण्याच्या खुणेपर्यंतच्या अंतराने भागा. निळा ६ सेंटिमीटर आणि पाणी ८ सेंटिमीटर चढलं असेल, तर उत्तर ०.७५. हा आकडा एकापेक्षा जास्त येऊच शकत नाही, कारण रंग पाण्याच्या पुढे धावू शकत नाही. जास्त आला तर मोजण्यात चूक आहे.

मला यातला सर्वांत आवडणारा भाग मात्र वेगळा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन काळे स्केचपेन घ्या. त्यांतल्या एकाने मोठ्या माणसाने मुलांच्या नकळत नव्या पट्टीवर ठिपका द्यावा. मुलांनी तिन्ही पेनांच्या पट्ट्या करायच्या आणि ‘गुन्हेगार’ पेन शोधायचा. कागद आणि पाणी सगळ्यांना एकच हवं, नाहीतर तुलना खोटी ठरते. संशयास्पद कागदपत्रांवरची शाई तपासताना तज्ज्ञही क्रोमॅटोग्राफी वापरतात.

पिवळ्या पेनाची पट्टी केली तर बहुधा एकच पिवळा डाग वर सरकलेला दिसेल. त्या शाईत वेगळं करण्यासारखं दुसरं काही नसतं. आणि ठिपका जागचा हललाच नाही, तर ती शाई पाण्यात न विरघळणारी आहे. परमनंट मार्कर किंवा बॉलपेनच्या बाबतीत असंच होतं. तिथे पाण्याऐवजी सर्जिकल स्पिरिट वापरून बघता येतं, पण ते झटकन पेट घेतं. त्यामुळे गॅस, मेणबत्ती, देवासमोरचा दिवा यांपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून आणि मोठ्या माणसाच्या हातूनच करावं. काम झालं की बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा.